आवाजाचा परवाना

११ जानेवारी २०२६, रविवार. सकाळी ९.

नवा लॅपटॉप कार्यान्वित केला. जुना संगणक दिवाळीत बंद पडला, तो पुन्हा उठला नाही. या निमित्ताने रोजनिशीही सुरू करीत आहे. संकल्प: पहाटे फिरणे, स्वयंपाक स्वतः करणे, आणि २२ फेब्रुवारीच्या आत पत्नी पंचफुलाच्या पहिल्या स्मृतिदिनाची संपूर्ण तयारी.

वंदनेनंतर पडद्यावर तिचे एक चित्रण दाखवायचे ठरवले आहे. २०१२ साली ऐश्वर्या शिक्षणासाठी पुण्याला निघाली, तेव्हा लेकीला येसर करता यावे म्हणून पंचफुलाने ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवले आणि मी ते हॅन्डीकॅमवर टिपले. त्याची प्रत पेनड्राइव्हवर आहे. येसर म्हणजे डाळ, गहू, धणे, मिरची इत्यादी जिन्नस भाजून दळलेले पीठ, ज्याची आमटी होते. प्रत्येक घरचे प्रमाण वेगळे असते. पंचफुलाचे प्रमाण कोठेही लिहिलेले नाही. ते केवळ या चित्रणात, तिच्या तोंडी आहे. स्मृतिदिनाची आमटी त्याच प्रमाणाने व्हावी, एवढाच हेतू. यात भावनेचा प्रश्न नाही, प्रमाणाचा आहे. मी आयुष्यभर वजनमापे निरीक्षक होतो. अंदाजाने केलेली गोष्ट मला घशाखाली उतरत नाही.

सायंकाळी ५. चित्र उत्तम. आवाज नाही.

१२ जानेवारी, सोमवार.

स्पीकरमध्ये दोष नाही. बातम्या ऐकू येतात, जाहिराती तर नको तितक्या. हे एकच चित्रण मुके आहे. पुन्हा पुन्हा पाहिले. पंचफुला जुन्या ओट्यापाशी, हिरवी साडी, समोर परात. ओठ सारखे हलत आहेत. मधूनच कॅमेऱ्याकडे पाहते, मूठ पुढे करते, हसते. निवेदन सविस्तर आहे हे उघडच दिसते. तिच्या बोलण्यात व्यत्यय नको म्हणून त्या दिवशी मी कॅमेऱ्यामागे एक अवाक्षरही काढले नव्हते, हे मला स्पष्ट स्मरते.

एक आक्षेपार्ह बाब आढळली. लसूण ठेचण्यासाठी ती जे पितळी वजन वापरत आहे, ते माझ्या पेटीतील अर्ध्या किलोचे आहे. तपासणीचे वजन. पेटी उघडून पाहिली. बुडाला पोचा. नाकाशी धरले तर लसणाचा वास. जुना आहे, पण आहे. म्हणजे वापर नंतरही चालूच होता. वजन पुसले नाही. पुरावा म्हणून तसेच ठेवले.

१४ जानेवारी, बुधवार.

नामविस्तार दिन. वस्तीत अभिवादनाचा कार्यक्रम होता. जाता आले नाही, ग्राहक सेवा केंद्राला दूरध्वनी करायचा होता.

प्रतिक्षा नावाच्या कर्मचाऱ्याने सर्व समजावून सांगितले. चित्रणातला आवाज एका विशिष्ट पद्धतीने बांधलेला असतो. ती गाठ सोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामला कोडेक म्हणतात. पूर्वी हा कोडेक संगणकाच्या प्रणालीबरोबरच येत असे, कारण प्रणालीवाले त्याच्या मालकाला परवाना शुल्क भरत. नव्या आवृत्तीत तो समाविष्ट नाही. लॅपटॉप बनवणाऱ्याने हवा तर द्यावा. माझ्या लॅपटॉपच्या बाबतीत त्याने तो दिलेला नाही.

ऐकून अतिशय समाधान वाटले. म्हणजे बिघाड नाही. तराजू आहे, माल आहे, फक्त शिक्का नाही. असली प्रकरणे मी शेकड्याने निकाली काढली आहेत. परवान्यासाठी अर्ज करतो, असे कळवले. प्रतिक्षा म्हणाल्या, व्यक्तीला हा परवाना मिळत नाही, तो कंपन्या-कंपन्यांत असतो. मी त्यांना सांगितले की जगात परवाना आहे तेथे अर्जदार असतोच. त्यांनी ‘आणखी काही मदत हवी का’ असे विचारले. मुद्दा पटलेला दिसला.

१५ जानेवारी, गुरुवार.

समोरच्या किराणा दुकानाचे मालक उत्तमसिंग यांनी चहाला बोलावले. मी नोकरीत असताना एकदा त्यांचा काटा जप्त केला होता, तेव्हापासूनचा स्नेह आहे. वारंगा फाट्यावर मला अजूनही ‘काटेवाले साहेब’ म्हणतात, ते त्यांच्यामुळेच.

त्यांचे म्हणणे, यात तकलीफ काहीच नाही. त्यांच्या नातवाच्या संगणकावर एक फुकटचा प्लेअर आहे, नारिंगी शंकूच्या चिन्हाचा. त्यात काहीही टाका, वाजते. मी विचारले, त्याचा परवाना कोणाकडे? ते म्हणाले, फुकटच्या चीजेला कसला परवाना? मी म्हणालो, फुकट माप देणाऱ्या दुकानदाराचा काटा मी आधी तपासत असे. शिवाय नारिंगी शंकू रस्त्यावर कशासाठी ठेवतात, हे महामार्गालगत दुकान असणाऱ्याला मी सांगायला नको. पुढे रस्ता बंद आहे, म्हणून.

तेथून निघताना ते मागून म्हणाले, “साहेब, बाई हयात असत्या तर तुमच्या हातून त्यो लॅपटॉप काढून घेतला असता बराबर.”

लक्ष दिले नाही.

१८ जानेवारी, रविवार.

यश. प्रणालीच्याच अधिकृत दुकानात एक कोडेक अल्प शुल्कात विक्रीस आहे. रीतसर खरेदी केला. पावती आली. पावती छापून फाईल केली.

दुपारी २. हा कोडेक चित्राचा निघाला, आवाजाचा नव्हे. चित्र पूर्वीही उत्तम होते. आता ते अधिकृतरीत्या उत्तम आहे.

पिठले केले. भांडे भिजत घातले आहे.

२१ जानेवारी, बुधवार.

प्रतिक्षा यांना पुन्हा दूरध्वनी. फोन स्पीकरवर, स्वयंपाकघरात ठेवून बोललो, म्हणजे हात मोकळे राहतात. नवीन माहिती नाही. खात्री करण्यासाठी जुनी माहिती पुन्हा सांगायला लावली. बाईमाणसाचा आवाज या घरात चांगला घुमतो. सामान कमी झाल्याचा परिणाम असावा.

भिजत घातलेले भांडे बदलून दुसरे भिजत घातले.

२४ जानेवारी, शनिवार.

साधना, म्हणजे पंचफुलाची धाकटी बहीण, शिरड शहापूरहून आली. डब्यात चार दिवस पुरेल इतके आणले. तिच्या मते माझी कॉलर मोठी झाली आहे. मी वजन केले. घट आहे खरी, ती पहाटे फिरण्याने. फिरणे अद्याप सुरू व्हायचे आहे, पण संकल्पाचाही काही परिणाम शरीरावर होत असावा.

स्मृतिदिनाचा विषय निघाला. साधना म्हणाली, येसर ती करून आणेल. दोघी बहिणी एकाच आईच्या हाताखाली शिकल्या, अक्काचे आणि तिचे येसर एकच आहे. मी तिला समजावले की ‘एकच आहे’ हा तोंडी पुरावा झाला. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन काट्यांतही फरक पडतो, म्हणून तर दर वर्षी तपासणी असते. मूळ प्रमाण चित्रणात आहे. ते ऐकल्याशिवाय काही दळू नये.

तिने मला बसवून ते मुके चित्रण पाहिले. पदर डोळ्याला लावला, मग बहिणीच्याच जिभेने विचारले, “दाजी, खरं सांगा. तुमाला येसर पाह्यजे का अक्का पाह्यजे?”

प्रश्न विषयाला सोडून होता. नोंद घेतली नाही.

२६ जानेवारी, सोमवार.

ध्वजवंदनानंतर चारचौघांत जाहीर केले की स्मृतिदिनी पंचफुलाचा आवाज सर्वांना ऐकवण्यात येईल. भंतेजींनाही सांगितले. ते म्हणाले, फार चांगले, गावात त्या बोलायला लागल्या की माणसं हातातलं काम ठेवायची. मला ही माहिती नव्हती.

पत्रिका छापायला टाकल्या. ‘दिवंगतेचे मार्गदर्शन, त्यांच्याच आवाजात’ अशी ओळ घातली. मुदत ठरली की कामे होतात, हा सेवेतील अनुभव.

२९ जानेवारी, गुरुवार.

ऐश्वर्याचा पुण्याहून फोन. आईचा आवाज असलेले दुसरे काही आहे का, विचारले. तिच्याकडे होते ते फोन पाण्यात पडला तेव्हा गेले. माझ्याकडे पंचफुलाचे ध्वनिसंदेश येत असत. बाजारातून काय आणायचे, डॉक्टरकडे किती वाजता, असे. ते मी दर महिन्याच्या एक तारखेला पुसून टाकत असे, कारण फोनमध्ये जागा राहायला हवी. त्या वेळी तो निर्णय योग्यच होता. जागा आजही पुष्कळ आहे.

बाकी चित्रणे नातवंडांची आहेत आणि ती पंचफुलानेच फोन धरून केलेली आहेत. त्यांत ती नाही. हॅन्डीकॅमची बॅटरी फुगून कॅमेऱ्यासकट निकामी झाली आहे. म्हणजे जे आहे ते हेच.

ऐश्वर्याने शंकूच्या प्लेअरचे नाव काढताच विषय बदलला.

१ फेब्रुवारी, रविवार.

हिंगोलीस गेलो. संगणक दुकानाचे मालक हरिचंद यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, ‘सगळे कोडेक एकाच पॅकमध्ये’, जो त्यांनी कोठून आणला हे त्यांना सांगता येईना. फेटाळला. दुसरा, प्रणालीच बदलणे. जगभरातील जाणकारांनी मिळून बनवलेली एक मुक्त प्रणाली आहे, सरकारी कार्यालयांतही वापरतात. ‘सरकारी’ म्हटल्यावर मी संमती दिली.

बसवताना पडद्यावर एक चौकोन आला. काही माध्यम-प्रकार चालवण्याचे सॉफ्टवेअर काही देशांत कायद्याने मर्यादित असू शकते. हवे असल्यास येथे खूण करा, अशा आशयाचा. हरिचंद यांचे बोट तेथे जात होते. मी हात धरला. कायद्याची शंका उपस्थित झाली असता पुढे जाणे मला मान्य नाही. खूण न करता काम पूर्ण केले.

घरी येऊन फाईल उघडली. आता चित्रही नाही, आवाजही नाही. पूर्वी एक परवाना कमी होता, आता दोन कमी आहेत. परंतु पाया स्वच्छ आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार.

काल दिवसभर ती दिसली नाही. आज सकाळी चुकून लॅपटॉप उघडून फाईलवर दोनदा दाबले. अर्थातच काळा पडदा. त्यात एक म्हातारा दिसत होता. दाढी करायला हवी.

४ फेब्रुवारी, बुधवार.

त्या चौकोनावर कायदेशीर मत घेण्यासाठी कळमनुरीला विश्वंभर वकिलांकडे गेलो. सर्व निवेदन शांतपणे ऐकून त्यांनी विचारले, यात जमीन कोणाच्या नावावर आहे? जमीन नाही, आवाज आहे, असे सांगितले. ते म्हणाले, आवाज वारसाहक्कात येत नाही. मग बाहेर पोचवायला आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले की वहिनींनी एकदा त्यांच्या आईला घरी बसून धीर दिला होता, ते त्यांचे घर विसरलेले नाही. फी घेतली नाही. त्यामुळे त्यांचे मत अधिकृत मानता येत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार.

रमाई जयंती. महिला मंडळाच्या कार्यक्रमात पंचफुला दर वर्षी चार शब्द बोलत असे. नोकरीत असताना मला जमले नाही आणि निवृत्तीनंतर बोलावले नाही. आज स्वतः होऊन गेलो. मागे उभा राहिलो. जमनाबाई माईकवर म्हणाल्या, पंचफुलाबाई असत्या तर आतापर्यंत दोनदा हसवून एकदा रडवलं असतं. बायका खरोखरच हसल्या आणि मग डोळे पुसू लागल्या.

कार्यक्रमानंतर चौकशी केली, कोणी कधी ध्वनिमुद्रण केले होते काय? कोणीच नाही. ‘ती काय कुठं चालली होती का,’ असे त्यांचे उत्तर. निष्काळजीपणा.

दुपारी एक प्रयोग केला. डोळे मिटून तिचे नेहमीचे वाक्य आठवायचे: “ताट वाढलंय, थंड होऊन राहिलं.” शब्द अचूक आठवले. परंतु ते माझ्याच आवाजात ऐकू आले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा माझाच. वेगवेगळी वाक्ये घेतली. ‘छत्री घेतली का.’ ‘गोळी खाल्ली का.’ सर्व माझ्याच आवाजात, शुद्ध उच्चारांसह.

ही तात्पुरती अडचण आहे. मूळ नमुना उपलब्ध झाला की दुरुस्त होईल. मूळ नमुना त्यासाठीच असतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

हरिचंद यांच्याकडे पुन्हा गेलो. जुनी प्रणाली परत बसवायला सांगितली. तो पॅकही. कोठून आणला, हे विचारले नाही. दुकानात दुसरे गिऱ्हाईक होते, ते जाईपर्यंत मी बाहेर उसाच्या गुऱ्हाळापाशी उभा राहिलो.

हे येथे लिहून ठेवणे आवश्यक नाही. तरी लिहिले.

११ फेब्रुवारी, बुधवार.

पॅकमधून आवाज आले. रमीचा जुगार खेळण्याचे निमंत्रण, केस उगवण्याचे तेल, आणि पडद्याच्या कोपऱ्यात कमी वस्त्रांतील एक स्त्री. मधोमध पंचफुला परात घेऊन बसलेली, अजून मुकीच. मी घाईने कोपऱ्यातली खिडकी बंद करू लागलो, तर प्रत्येक वेळी नवी उघडे. शेवटी लॅपटॉपवर टॉवेल टाकला. तिच्यासमोर असले काही या घरात कधी झाले नाही.

असा माल दुसऱ्याच्या दुकानात सापडला असता तर मी जागेवर पंचनामा केला असता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

हरिचंद यांच्याकडून लॅपटॉप धुऊन घेतला. स्थिती ११ जानेवारीप्रमाणे. चित्र उत्तम. आवाज नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार.

आवाज नाही.

साधनाचा डबा केव्हाच संपला. भूक लागत नाही, ही सोय आहे. पत्रिका वाटून झाल्या. लोक भेटले की म्हणतात, येणारच, बाईंचा आवाज ऐकायचा आहे. जिल्ह्यातल्याच गोरेगावहून तिच्या मैत्रिणी जीप करून येणार आहेत. मी सर्वांना सांगतो, व्यवस्था पूर्ण आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार.

प्रतिक्षा यांना दूरध्वनी. त्या रजेवर आहेत. दुसऱ्या कोणाशी बोलायचे आहे का, विचारले. नाही म्हणालो.

१८ फेब्रुवारी, बुधवार.

उत्तमसिंग भर दुपारी दुकानाचे शटर ओढून घरी आले. सोबत पोह्यांचा पुडा. माझ्या स्वयंपाकघरातील भिजत घातलेली सर्व भांडी त्यांनी पाहिली आणि पहिले घासायला घेतले. मग बोलता बोलता एक असा खुलासा केला की तो येथे नोंदवताना हात थांबतो.

मी तपासणीला निघालो की पंचफुला मागच्या दाराने दुकानोदुकानी निरोप देत असे. म्हणून सगळे सावध असत. मी म्हणालो, अशक्य. फाट्यावरचे काटे माझ्या धाकाने स्वच्छ असत. ते म्हणाले, धाक होताच की साहेब, पण धाक निघाला हा निरोप कोण देणार?

आणि मग त्यांनी तिची नक्कल केली. मान वाकडी करून, पदर सावरल्यासारखा हात करून: “उत्तमसिंगभाऊ, पुसून घ्या काटा. आमचं वादळ येऊन राहिलं.”

नक्कल वाईट होती. आवाज घोगरा, मिशा हलत होत्या. तरी मी पुन्हा करायला सांगितले. त्यांनी केली. मी आणखी एकदा सांगितले. तिसऱ्यांदा ते करू शकले नाहीत, नळ मोठा करून भांडी विसळू लागले.

खात्याच्या दृष्टीने हा तपासणीत अडथळा आणल्याचा गुन्हा आहे. मुदत संपलेली आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३.

ऐश्वर्या आली. मला पाहून दारातच थांबली. मग आधी स्वयंपाकघर, मग मी, मग लॅपटॉप, या क्रमाने ताबा घेतला. चहाला उकळी येईपर्यंत शंकूचा प्लेअर बसवून मोकळी झाली. मी आक्षेप घेतला. ती म्हणाली, “बाबा, यालाही परवाना आहे. वाचा.” आणि पडद्यावर तो उघडून दिला.

संपूर्ण वाचला. शब्दन् शब्द. खरोखरच परवाना आहे. कोणीही वापरावे, तपासावे, दुसऱ्याला द्यावे, अटी स्पष्ट. आवाजाच्या त्या पद्धतीवरचे पेटंटही केव्हाच संपले आहे, असे ती म्हणते. म्हणजे ज्या दाराशी मी अर्ज घेऊन उभा होतो, त्याला कुलूपच नव्हते. मसुद्यात शुल्काचा रकाना नाही, ही त्रुटी आहे. ती कळवता येईल.

ती लगेच वाजवून पाहणार होती. मी हात धरला. तपासणीची आवश्यकता नाही, उद्या सर्वांसमवेत ऐकू. मी कारण दिले की पूर्वतपासणीने कार्यक्रमाचे गांभीर्य कमी होते. आयुष्यात प्रथमच मी तपासणी नको म्हणालो, हे बहुधा तिच्या लक्षात आले. ती उठून आत गेली आणि आईच्या कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली.

उद्या. तिचा आवाज. आणि प्रमाण, अर्थात.

२२ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी ७.

कार्यक्रम पार पडला.

वंदना झाली. अंगण भरले होते. गोरेगावच्या बायका पुढे बसल्या. साधना येसराची आमटी पातेले भरून घेऊन आली होती. मी न विचारता तिने केली आणि मी न बोलता ती चुलीवर ठेवू दिली. मी माईकवर दोन शब्द बोललो. म्हणालो की आता पंचफुला स्वतः बोलेल, सर्वांनी शांतता राखावी. चित्रणाच्या वेळी मीही राखली होती.

ऐश्वर्याने बटण दाबले. मोठे स्पीकर लावले होते. पहिला आवाज फाट्यापर्यंत गेला असेल.

तो माझा होता.

“थांब. कॅमेरा सुरू झाला की नाही बघू दे. हां. आता डाळ किती, ते सांग.”

ती काही बोलली. परातीचा खडखडाट. वर माझा आवाज: “मूठ म्हणजे किती ग्रॅम?” मग तिने कॅमेऱ्यापुढे मूठ धरली, ती मी महिनाभर पाहत आलो तीच, आणि हसत काही म्हणाली. वर मी: “मूठ हे माप नाही. कायद्यात मूठ नाही. धणे किती? चिमूट नको. चिमूट कोणाची? ‘न्हाई’ नको म्हणूस, लेकीला ऐकायचे आहे, ‘नाही’ म्हण. पुन्हा म्हण.” जेथे जेथे तिचे ओठ हलतात, तेथे तेथे मी आहे. माईक माझ्या तोंडापाशी होता आणि ती ओट्यापाशी. संपूर्ण चित्रणभर मी मोजत आहे आणि ती माझ्या मागून कोठेतरी, दुसऱ्या खोलीतून बोलल्यासारखी, कळते न कळते अशी.

आधी लहान मुले हसली. मग गोरेगावच्या बायका पदरात तोंड घालून. मग उत्तमसिंग, उघडपणे. मग सगळे अंगण. भंतेजी खाली पाहत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मी उठून बंद करायला गेलो. ऐश्वर्याने मला खाली बसवले.

अगदी शेवटी पडद्यावर ती ओट्यापासून उठते आणि कॅमेऱ्याजवळ येते. तिचा हात भिंगावर येतो, पडदा काळा होतो. मी हे दृश्य कितीदा पाहिले होते. ती कॅमेरा पुसते आहे, असा माझा समज होता. तेथे ती माईकच्या जवळ असते. तेथे ती स्पष्ट ऐकू येते. तेवढे एकच:

“ठेवा हे यंतर खाली. सारं आजच इचारून राहिले तुमी. मी काय कुठं जाऊन राहिले का?”

अंगणात कोणी हसले नाही.

आमटी वाढली. सर्वांनी चांगली झाली म्हणून सांगितले.

२३ फेब्रुवारी, सोमवार.

ऐश्वर्या दुपारच्या गाडीने गेली. उद्यापासून रोज फोन करणार आहे. मी तिला सांगितले, ध्वनिसंदेश पाठव. पुसणार नाही.

साधना जाताना उरलेले येसर डब्यात भरून ठेवून गेली. आमटीला किती घालायचे, विचारले. तिने स्वतःची मूठ दाखवली. मी ग्रॅम विचारले नाहीत. डबा काट्यावर ठेवला होता, तो वाचन न घेता उतरवला. लसूण ठेचायला पेटीतले वजन काढले. एक पोचा काय, दोन काय.

प्रमाणाबाबत: चित्रणात नोंद आढळली नाही. प्रकरण बंद.

दुपारी ४. नव्या प्लेअरमध्ये आवाज व्यवस्थित चालतो की नाही हे पाहणे राहून गेले होते. शेवटचा भाग लावून तपासला. चालतो.

खात्रीसाठी पुन्हा तपासला. चालतो.

आमटी थंड होऊन राहिली आहे. पुन्हा एकदा तपासतो.